बॉक्सची वेळ चुकली? आधी फोटो काढा, मग हात लावा
(कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा टेंपरेचर रेकॉर्डर वापरणाऱ्यांसाठी)

सीझनला आम्हाला ठरलेला फोन येतो, "साहेब, बॉक्सची तारीख बोंबललीय, बेदाण्याच्या चेंबरचा रिपोर्ट भलत्याच दिवसाचा निघतोय." आणि फोन येईपर्यंत कोणीतरी स्क्रीनवरून वेळ बरोबर करून टाकलेली असते. घोळ इथंच होतो. वेळ किती चुकली आणि कशी चुकली यावरूनच दोष कुठं आहे ते कळतं, ती पुसली की पुरावा गेला. म्हणून आधी बॉक्सची स्क्रीन आणि शेजारी तुमच्या मोबाईलचं घड्याळ, दोन्ही एका फोटोत घ्या आणि व्हॉट्सअॅप करा.

आत काय आहे ते थोडक्यात. बॉक्समध्ये रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा कॉम्प्युटर आहे, त्याला सेलवर चालणारं स्वतःचं घड्याळ नाही, लाईट गेली की वेळ विसरला. म्हणून आम्ही डीएस३२३१ चिपचं छोटं मॉड्यूल लावतो, त्यावर बटण सेल असतो, याला आरटीसी म्हणतात. पाय चालू होताना ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्राम, या चिपला वेळ विचारतो, एकदाच, आणि तिथून पुढं पाय स्वतःच सेकंद मोजत बसतो. हे 'एकदाच' लक्षात ठेवा.

कमांड टाइप कशा करायच्या ते झाकणाच्या आतल्या स्टिकरवर आहे, इथं आपण बोलताना म्हणतो तशी नावं लिहिलीत.

आरटीसीमध्ये १ जानेवारी २००० आणि पहाटेचे साडेपाच वाजून काही मिनिटं दिसत असतील तर सेल गेला, दुसरं काही शोधू नका. चिपची पॉवर पूर्ण गेली की ती शून्यावर येते आणि तिच्या हिशोबात शून्य म्हणजे २००० सालाची पहिली मध्यरात्र, आपल्याकडं ती साडेपाच दिसते कारण चिप यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ, पाळते. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, 'सेट टाइम' अशी ओळ आली तरी अर्थ तोच. मीटर लावून बघा, नवा सीआर२०३२ तीन व्होल्टच्या आसपास दाखवतो, अडीचच्या खाली आला असेल तर बदला, कारण ही चिप २.३ च्या खाली भरवशाची नाही. सेल बदलताना बॉक्स चालूच ठेवा म्हणजे वेळ जात नाही.

आता दुसरा प्रकार, ज्यात सगळे फसतात. रात्री अकरा पंचवीसला लाईट गेली, सकाळी सहाला आली, आणि बॉक्स म्हणतो अजून ११:१७. म्हणजे जितका वेळ लाईट नव्हती तितकाच, थोडाफार जास्त, तो मागं पडलाय. सेल एकदम ठणठणीत असतो बरं का, पण आरटीसीला कोणी विचारतच नाहीये. पायमध्ये फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा एक जुगाड आहे, तो दर तासाला, सतराव्या मिनिटाला, वेळ मेमरी कार्डावर लिहून ठेवतो आणि आरटीसी सापडली नाही तर तीच शिळी वेळ देतो. ११:१७, ०२:१७ असं काही दिसलं की समजा सेलचा काही संबंध नाही.

मग बघायचं काय, तर आय-टू-सी-डिटेक्ट चालवा, ही कमांड पायला कोणत्या चिप दिसतात ते सांगते. एक तक्ता येतो, त्यात ६८ च्या जागेवर, म्हणजे आरटीसीच्या पत्त्यावर, काय आहे ते बघा. तिथं नुसत्या दोन रेघा असतील तर चिपच दिसत नाही, म्हणजे वायर निघालीय नाहीतर मॉड्यूल मेलंय, चार वायरी दाबून बघा. ६८ आकडा दिसला तर चिप आहे पण ड्रायव्हर लागला नाही, बहुतेक कोणीतरी मेमरी कार्ड बदललं आणि कॉन्फिग फाइलमधली आय-टू-सी-आरटीसीची ओव्हरले ओळ, जी ड्रायव्हर लावते, ती राहून गेली, ती टाकून रीस्टार्ट करा. आणि 'यूयू' दिसलं तर घाबरू नका, बरेच जण एरर समजून फोन करतात, त्याचा अर्थ ड्रायव्हरने तो पत्ता पकडलाय. पण यूयूवर आंधळा विश्वासही नको, कारण चालू बॉक्समधली वायर नंतर निसटली तरी ड्रायव्हर पत्ता धरून बसतो आणि यूयू तसंच राहतं. बॉक्स नीट शटडाऊन करून, पॉवर काढून परत लावा आणि मग बघा.

हे आम्ही धक्के खाऊन शिकलो. एका स्टोरेजमध्ये आम्हीच तीन वेळा सेल बदलून आलो, तिन्ही वेळा तिथं असताना यूयू, सगळं बरोबर. चौथ्या वेळेला आमचा पोरगा तिथंच थांबला, कॉम्प्रेसर चालू झाला तसं बॉक्सवर हात ठेवून बसला, तर अख्खी भिंत थरथरत होती आणि मॉड्यूलची एक जंपर वायर त्याबरोबर हलत होती. तेव्हापासून आम्ही वायरी सोल्डर करून देतो. जुना बॉक्स असेल तर आणून द्या, फुकट करून देऊ.

बरोबर साडेपाच तासांचा फरक, ना मिनिट इकडं ना तिकडं, म्हणजे हार्डवेअर ठीक आहे, कोणीतरी आरटीसीत भारतीय वेळ भरलीय. आरटीसी यूटीसीवरच ठेवायची आणि टाइमझोन आशिया/कोलकाता, बाकी बेरीज सिस्टम करते.

हळूहळू मागं-पुढं जात असेल तर जरा डोकं लावावं लागतं. डीएस३२३१ दोन पीपीएमची आहे, म्हणजे दहा लाख सेकंदांत दोन सेकंदांची चूक, वर्षाला साधारण एक मिनिट. आमच्या सुरुवातीच्या बॉक्समध्ये डीएस१३०७ होती, तिचा क्रिस्टल, म्हणजे ज्याच्या ठोक्यावर चिप सेकंद मोजते तो, बाहेर असतो आणि गारठ्यात तो मंदावतो, चेंबरच्या भिंतीला बॉक्स लावला तर दिवसाला एक-दोन सेकंद सहज जातात. पण महिन्याला दोन-चार मिनिटं जात असतील आणि बॉक्स महिनोन्महिने बंदच झाला नसेल, नेटही नसेल, तर चिपला दोष देऊ नका. ते 'एकदाच' आठवा, पाय स्वतःच्या मनाने मोजतोय. एचडब्ल्यूक्लॉक कमांडने आरटीसीची वेळ वाचून बघा, ती बरोबर निघेल. नव्या बॉक्समध्ये रोज रात्री तीन वाजता आरटीसीवरून वेळ परत घ्यायची सोय आहे, जुन्यात अपडेट मागून घ्या. नेट असेल तर हा प्रश्नच येत नाही, तेव्हा सिस्टमची वेळ नेटवरून लागते आणि कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ती दर अकरा मिनिटांनी आरटीसीत लिहितो.

ज्यांनी स्वतः पाय ५ आणून बसवलाय त्यांच्यासाठी, त्यात आतच एक आरटीसी असते, म्हणजे आमची धरून दोन झाल्या. एचडब्ल्यूक्लॉकला काही सांगितलं नाही तर ती आरटीसी-शून्य वाचते, आमची आरटीसी-एक झालेली असते, आणि तुम्ही बिनसेलच्या घड्याळाला वेळ विचारत बसता.

बाजारातून मॉड्यूल आणलंत तर एवढं बघाच. निळ्या रंगाच्या स्वस्त बोर्डवर चार्जिंगचं सर्किट असतं, ते एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. त्यात साधा सीआर२०३२ टाकून पाच व्होल्ट दिले तर सेल फुगतो, फुटूही शकतो. आम्ही त्या चार्जिंग सर्किटचा रेझिस्टर काढून ३.३ व्होल्टवर चालवतो, तुमच्याकडं सोल्डरिंग आयर्न नसेल तर मॉड्यूल कुरिअर करा, काढून परत पाठवू.