कंपनीची विक्री आणि दुकानातली विक्री

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुचाकी कंपन्या आपले मागच्या महिन्याचे आकडे शेअर बाजाराला कळवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ठरलेला मथळा येतो की अमुक कंपनीच्या विक्रीत इतक्या टक्क्यांची वाढ झाली. त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावातले वीस-पंचवीस वर्षांचे मोटारसायकलचे शोरूम बंद होते. मग चहाच्या टपरीपासून उद्योगपानावरच्या लेखापर्यंत तोच प्रश्न ऐकू येतो, की विक्री वाढते आहे तर दुकाने का मिटतात? उत्तरेही तयार असतात. मालकाच्या मुलांना धंद्यात रस नसेल, लोक आता सगळे मोबाइलवरून मागवत असतील, किंवा मालकाने पैसा जमिनीत घातला असेल. एखाद्या दुकानाच्या बाबतीत यातले काही खरे असेलही. परंतु प्रश्नच मुळात एका गफलतीवर उभा आहे. मथळ्यातली विक्री आणि शोरूममधली विक्री या दोन वेगळ्या घटना आहेत, त्या वेगळ्या दिवशी घडतात आणि त्यांत पैसे देणारा माणूसही वेगळा असतो.

दुकानातली विक्री वाचकाला नीट ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. गिऱ्हाईक येते, गाडी पाहते, रोख किंवा कर्जाने पैसे भरते आणि गाडी घेऊन जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा आणि नंबर लागल्याशिवाय गाडी हाती द्यायची नाही, असे ठरवले आहे. त्यामुळे केंद्र सरकारच्या 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत किती दुचाकी चढल्या, हे पाहिले की प्रत्यक्ष विक्रीचा बऱ्यापैकी खरा अंदाज येतो. डीलरांची देशव्यापी संघटना फाडा दर महिन्याला जे आकडे देते, ते याच नोंदवहीतून काढलेले असतात.

कंपनीची विक्री म्हणजे कारखान्यातून डीलरकडे केलेली रवानगी. कारखान्यातून ट्रक निघाला आणि डीलरच्या नावावर बिल फाटले, की कंपनीच्या वहीत त्या गाड्या विकल्या गेल्या. उत्पादकांची संघटना सियाम देशांतर्गत 'विक्री' म्हणून जे आकडे प्रसिद्ध करते, तेही प्रामुख्याने या रवानगीचेच. यात लबाडी कोणतीच नाही. हिशेबाच्या दृष्टीने डीलर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी आहे आणि त्याने माल विकत घेतलेला आहे. चूक आहे ती दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या आपल्या बातम्यांची. मला विचाराल तर 'रवानगी' हाच शब्द सक्तीचा करावा. काही जण 'पाठवणी' म्हणतात, तोही चालेल, किंबहुना तो अधिक बोलका आहे, कारण पाठवणी झाली म्हणून मुलगी सासरी सुखाने नांदते आहे, असे कोणी गृहीत धरत नाही.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेकांचे पाऊल घसरते, त्याकडे येतो. रवानगी आणि किरकोळ विक्री यांत केवळ काही दिवसांचे अंतर आहे, आज पाठवलेली गाडी पुढच्या महिन्यात विकली जाईलच, म्हणजे वर्षाअखेरीस दोन्ही बेरजा जुळतात, असा युक्तिवाद शिकलेसवरलेले लोकही करतात. बेरजा कालांतराने जुळतात हे खरे. परंतु त्या जुळेपर्यंतच्या काळात गाडीत कोणाचे पैसे अडकलेले असतात आणि त्यांवरचे व्याज कोण भरतो, हा खरा फरक आहे. कंपनीला तिचे पैसे मिळून गेलेले असतात. ते दिलेले असतात डीलरने, आणि तेही बहुधा बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून गाड्यांच्या तारणावर उचललेले. गाडी विकली जाईपर्यंत तिची किंमत, तिच्यावर बसणारी धूळ, उतरत जाणारी बॅटरी आणि वाढत जाणारे व्याज, हे सगळे त्याचे.

एक काल्पनिक, पण गणिताला सोपे उदाहरण घेऊ. जिल्ह्याच्या ठिकाणचा एक डीलर महिन्याला १०० मोटारसायकली विकतो आणि एक गाडी त्याला सरासरी ८० हजारांना पडते. फाडा दुचाकींसाठी २१ दिवसांचा साठा योग्य मानते. त्या हिशेबाने त्याच्याकडे ७० गाड्या, म्हणजे ५६ लाखांचा माल असेल. वार्षिक १० टक्के दराने त्याचे महिन्याचे व्याज सुमारे ४६,७०० रुपये होते आणि विकलेल्या प्रत्येक गाडीवर ते ४६७ रुपये पडते. एवढे तो सहज सोसतो. आता पाऊस लांबला, कापसाचा किंवा कांद्याचा भाव पडला आणि गिऱ्हाईक ७० वर आले. कंपनीची रवानगी मात्र १०० वरच राहिली, कारण तिकडेही कोणाला तरी महिन्याचे टार्गेट पूर्ण करायचे आहे. तीन महिन्यांत कंपनीच्या वहीत ३०० गाड्यांची विक्री लागली, दुकानातून गेल्या २१०. साठा ७० वरून १६० वर पोचला, तो आता जवळजवळ ६९ दिवसांचा झाला आणि महिन्याचे व्याज १ लाख ६ हजारांच्या पुढे गेले. ते वाटून घ्यायला गाड्या मात्र ७० च उरल्या, म्हणजे एका गाडीमागे १,५०० रुपयांहून अधिक. या तीनही महिन्यांत मथळ्यातली विक्री 'स्थिर' होती.

मी काही वर्षे तालुक्याच्या एका दुचाकी दुकानाची खतावणी लिहीत असे. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत जे बिलिंग येई, ते वाचूनच पुढच्या महिन्याचा रंग कळे. चालणाऱ्या मॉडेलच्या दहा गाड्या हव्या असतील तर न चालणाऱ्या मॉडेलच्या चार गळ्यात पडत, आणि लोकांना काळा रंग हवा असताना त्या चारांपैकी दोन भडक पिवळ्या निघत. नको म्हणण्याची सोय कागदावर होती. पण एकदा नको म्हणणाऱ्याला दसऱ्याच्या आधी चालणाऱ्या गाड्या उशिरा मिळतात, हे सगळ्यांना माहीत होते.

हे सारे अनुमान नाही, याला आधार आहे. दुचाकींची देशांतर्गत रवानगी २०१८-१९ या वर्षात २ कोटी ११ लाखांवर गेली आणि तो तोपर्यंतचा उच्चांक होता. एप्रिल २०१९ पर्यंतच्या १८ महिन्यांत देशातल्या २७१ शहरांत मिळून २८६ वाहनदालने बंद झाली, ३२ हजार लोकांचे रोजगार गेले आणि बंद झालेल्या दालनांत सर्वाधिक, ८४, महाराष्ट्रातली होती, असे फाडाने जाहीर केले. हा आकडा सर्व प्रकारच्या वाहनांच्या दालनांचा मिळून आहे, केवळ मोटारसायकलींचा नव्हे. पण उच्चांकाच्या वर्षातच दालने मिटत होती, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरणे सक्तीचे झाले होते, त्याच सुमारास वित्तसंस्थांच्या कर्जपुरवठ्यावर ताण आला होता, आणि दिवाळी फिकी गेली. गिऱ्हाईक थबकले, ट्रक मात्र येत राहिले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिथेही मथळे उलटाच अर्थ लावतात. साठा फार वाढला की कंपनी शहाणपणाने रवानगी कमी करते. तेव्हा 'विक्री कोसळली' अशी बोंब होते, आणि नेमक्या त्याच महिन्यात डीलर जुना माल काढून मोकळा श्वास घेत असतो. म्हणून नवरात्राच्या तोंडावर वाढलेल्या रवानगीचे कौतुक आणि दिवाळीनंतर घटलेल्या रवानगीची चिंता, दोन्ही मला वायफळ वाटतात. सणासाठी माल भरून ठेवणे ही वाण्याच्या दुकानातलीही रीत आहे.

साठ्याचा धोका नुसत्या व्याजापुरता नसतो, माल एका रात्रीत बेकायदा ठरू शकतो. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाची वाहने विकण्यास मनाई केली, तेव्हा देशभर न विकल्या गेलेल्या अशा सुमारे ६ लाख ७१ हजार दुचाकी होत्या. शेवटच्या दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट जाहीर झाली आणि शोरूमसमोर रांगा लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. तीन वर्षांनी त्यापुढच्या बीएस-४ या मानकाची मुदत संपायला आणि टाळेबंदी सुरू व्हायला एकच गाठ पडली. न्यायालयाने २७ मार्च २०२० रोजी उरलेल्या साठ्यापैकी १० टक्के गाड्या टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांत विकण्याची सवलत दिली आणि जुलैमध्ये ती मागेही घेतली. यातल्या डीलरच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्या कंपनीच्या वहीत कधीच 'विकल्या' गेलेल्या होत्या. काही कंपन्यांनी नुकसानीचा वाटा उचलला, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग होता. डीलर आणि कंपनी यांच्या नात्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातला कारभार आवरता घेतल्यावर फाडाने अशा संरक्षक कायद्याची मागणी पुन्हा लावून धरली, ती याचसाठी.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कंपनीच्या एकूण आकड्यात निर्यात आणि कधी तीनचाकीही मिसळलेली असते, बजाज ऑटोसारख्या मोठ्या निर्यातदाराच्या बाबतीत तर देशांतर्गत रकाना वेगळा वाचल्याशिवाय काहीच कळत नाही. दुसरे म्हणजे, सियामच्या आकड्यातून फाडाचा आकडा वजा करून 'इतके लाख गाड्या पडून आहेत' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे, कारण तेलंगणाची नोंदणी 'वाहन'बाहेर असल्यामुळे अनेक वर्षे त्या राज्याचे आकडे फाडाच्या बेरजेत येतच नव्हते. आणि जिथे डीलरच नाही तिथे 'विक्री'चा तिसराच अर्थ निघतो. स्वतःचीच दुकाने चालवणाऱ्या ओला इलेक्ट्रिकने फेब्रुवारी २०२५ साठी २५ हजारांहून अधिक स्कूटरची विक्री जाहीर केली, तर 'वाहन'वर त्या महिन्यात ८,६०० च्या आसपास नोंदी दिसल्या. कंपनीने त्याचे कारण नोंदणीचे काम करणाऱ्या संस्थांशी चाललेल्या वाटाघाटी असे दिले. ते काहीही असो, मागणी नोंदवणे, माल पाठवणे आणि गाडी नावावर होणे, या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो आहोत, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

'वाहन'चे आकडेही सोवळे नाहीत, हेही मान्य करतो. मुदत संपत आलेला माल डीलर कधी स्वतःच्या किंवा नोकरांच्या नावावर चढवून मोकळा होतो, आणि तो पुढे 'शून्य किलोमीटर, फर्स्ट ओनर' म्हणून विकला जातो. तरीही दोन्हींपैकी एकच निवडायचा तर मी डोळे झाकून नोंदणीचा आकडा निवडीन.

एक गोष्ट मात्र या आकड्यालाही दिसत नाही, आणि गावातल्या दुकानांच्या दृष्टीने तीच मोठी आहे. 'वाहन'मध्ये नोंद आरटीओनुसार होते. तालुक्याच्या माणसाने मोटारसायकल तालुक्यात घेतली काय किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन घेतली काय, आरटीओ एकच असेल तर नंबर त्याच मालिकेतला येणार. साठ्याच्या ओझ्याखाली आलेला जिल्ह्याचा डीलर खर्च कापू लागतो, तेव्हा त्याची पहिली कात्री तालुक्यातल्या सब-डीलरवर आणि तिथल्या छोट्या वर्कशॉपवर चालते. सब-डीलरच्या नावावर कंपनीचे बिल कधीच नसते, त्यामुळे रवानगीच्या आकड्यात तो नव्हताच. नोंदणी मुख्य डीलरच्या खात्यातून होते, म्हणून त्या आकड्यातही तो नव्हता. तो गेल्यावर दोन्ही आकडे जसेच्या तसे राहतात, आणि फ्री सर्व्हिसिंगसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेल्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते.

तेव्हा पुढच्या महिन्यात 'विक्री वाढली' हा मथळा वाचून आपल्या गावातल्या दुकानाबद्दल काही ठरवण्याआधी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन यार्ड पाहावे. पत्र्याच्या शेडबाहेर प्लास्टिकच्या वेष्टनातल्या गाड्या उन्हात उभ्या असतील, तर मालकाला इतकेच विचारावे की किती दिवसांचा माल आहे. पंचवीस म्हणाला तर चहा घेऊन निघावे. सत्तर म्हणाला, आणि तुमच्या गाडीची एखादी फ्री सर्व्हिसिंग बाकी असेल, तर ती लवकर उरकून घ्यावी.