ब्रेस्ट रिडक्शन की ब्रेस्ट लिफ्ट? आधी त्रास कशाचा आहे ते बघा

बऱ्याच बायका डॉक्टरकडे जाऊन ‘लिफ्ट करायचंय’ म्हणतात आणि मग बोलता बोलता कळतं की मान-पाठ दुखते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खड्डे पडलेत, पावसाळ्यात छातीखाली घाम साचून बुरशी होते आणि वर्षानुवर्षं तेच मलम चालू आहे. हा सगळा त्रास वजनाचा आहे, आणि लिफ्टने वजन कमी होत नाही!

लिफ्टमध्ये मुख्यतः जास्तीची सैल त्वचा काढतात, आतल्या भागाला नीट आकार देतात आणि निपल वर सरकवतात. बाळंतपणानंतर किंवा भरपूर वजन उतरल्यावर छाती ओघळली असेल पण जड वाटत नसेल तर हे. रिडक्शनमध्ये आतली चरबी आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग पण काढतात, त्यामुळे भार खरंच उतरतो, आणि निपल वर घ्यावंच लागतं म्हणून लिफ्ट त्यात आपोआप होते. उलटं मात्र होत नाही.

गोंधळ व्हायचं कारण म्हणजे दोन्हीचे व्रण सारखेच दिसतात, निपलभोवती गोल, तिथून खाली उभी रेघ आणि गरज असेल तर छातीखालच्या घडीत आडवी. ‘लिफ्ट छोटं ऑपरेशन, डाग राहत नाहीत’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. व्रण दोन्हीत राहतात, पहिले काही महिने लालसर आणि मग वर्ष-दीड वर्षात फिके होतात, पण ज्यांना जखमेवर जाड गाठीसारखा व्रण येतो त्यांनी हे आधीच सांगायला हवं.

अजून मूल हवं असेल तर इथे जरा थांबा. दोन्ही ऑपरेशननंतर दूध कमी येऊ शकतं, पण रिडक्शनमध्ये ग्रंथींचा भागच काढला जातो म्हणून धोका जास्त. खूप मोठी छाती असेल तर कधीकधी निपल पूर्ण सुटं करून परत बसवतात, तसं केलं की त्या निपलमधून दूध पाजणं शक्य नसतं आणि स्पर्शही बराचसा जातो. म्हणून ‘निपल जोडलेलं ठेवणार की सुटं करणार?’ हे सरळ विचारा, लाजू नका. शिवाय गरोदरपणात किंवा वजन वाढल्यावर आकार परत बदलतो, मग वजन स्थिर असताना केलेलं बरं.

तंबाखूबद्दल खरं सांगा. सिगरेटच नाही, मिश्री पण! निकोटिनने रक्तपुरवठा आखडतो, जखम चिघळते, निपलची कातडी काळी पडून मरू शकते. किमान चार आठवडे आधी बंद, आणि नंतर जखम भरेपर्यंत पण. चाळिशी उलटली असेल तर आधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) होते, आणि रिडक्शनमध्ये काढलेला भाग पॅथॉलॉजीला तपासायला पाठवतात ना हे पण विचारून घ्या.

इन्शुरन्सचं म्हणाल तर आपल्याकडच्या पॉलिसीत फक्त दिसण्यासाठी केलेली सर्जरी बसत नाही, म्हणजे लिफ्टचा खर्च बहुतेक आपलाच. रिडक्शनसाठी मागता येतं, पण वैद्यकीय गरज आहे असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं आणि तरी नाकारलं जाऊ शकतं, त्यामुळे पाठदुखीचे, त्वचेच्या इन्फेक्शनचे जुने कागद जपून ठेवा आणि तारीख ठरवायच्या आधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.