गुंठ्याचे गणित आणि ओढ्याची वाट

पुण्यातील पत्ते नीट वाचले तर शहर कसे वाढले, हे त्यांवरूनच कळते. पेठांमधल्या घराच्या पत्त्यात सिटी सर्व्हे नंबर असतो, शिवाजीनगर-डेक्कनच्या बाजूला 'फायनल प्लॉट नंबर' दिसू लागतो आणि कोथरूड किंवा धनकवडीकडे गेलो की नुसता 'स. नं.' उरतो. स. नं. म्हणजे सर्व्हे नंबर, अर्थात मुळात शेताचा क्रमांक. तिथे शेत विकले गेले तशी घरे उभी राहिली, आणि म्हणून आजही तिथला रस्ता कित्येकदा जुन्या बांधाच्या कडेने अचानक वळतो. 'फायनल प्लॉट'मागे मात्र नगररचना योजना असते. या पद्धतीत वेड्यावाकड्या आकाराच्या जमिनी आधी कागदावर एकत्र केल्या जातात, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढल्या जातात, आणि उरलेल्या जमिनीतून प्रत्येक मालकाला आकाराने थोडा लहान, पण चौकोनी आणि रस्त्याला लागून असलेला भूखंड परत मिळतो. तिच्यासाठीचा देशातील पहिला कायदा मुंबई इलाख्यात 1915 मध्ये झाला.

जमीन कशासाठी वापरायची हे मालकावरच का सोडू नये, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की जमीन जागची हलत नाही आणि तिच्यावर जे घडते ते कुंपणाशी थांबत नाही. कारखान्याचा धूर शेजारच्या शाळेत जातो, उंच इमारतीची सावली मागच्या घरावर पडते, मंगल कार्यालयातील पाहुण्यांच्या गाड्या अख्ख्या गल्लीत उभ्या राहतात. जमिनीच्या किमतीत हा हिशेब येत नाही, म्हणून तो नकाशात आणावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार महापालिकेला विकास आराखडा करावा लागतो. त्यात निवासी भाग पिवळा आणि औद्योगिक जांभळा रंगवलेला असतो, तर शेती व मोकळ्या जागा हिरव्या असतात. 'जमीन यलो झोनमध्ये आहे का?' हा पुणे जिल्ह्यातील प्रत्येक जमीन-व्यवहारातला पहिला प्रश्न या रंगांमुळेच आला.

माझ्या मते पुण्यापुरता या आराखड्याचा सर्वांत मोठा उद्देश पाण्याला वाट ठेवणे हा आहे. त्याचे गणित साधे आहे. एक हेक्टर जमिनीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5 लाख लिटर पाणी होते. गवत-झाडीच्या उतारावरून त्यातले 30 टक्के वाहून जाते आणि काँक्रीट-डांबराने झाकलेल्या उतारावरून 90 टक्के, असे धरून चालू. फरक 3 लाख लिटरचा पडतो, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर, तेही एका हेक्टरमागे आणि एका पावसात. हे जास्तीचे पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने ओढ्यात उतरते. 1997 मध्ये शहरात आलेल्या गावांमधील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे जे आरक्षण आहे, त्याचे क्षेत्र 978 हेक्टर आहे. या आरक्षणाविषयीचा वाद बहुधा झाडे विरुद्ध घरे असा मांडला जातो, पण टेकडीचा हिरवा उतार हा खालच्या वस्तीच्या पूरनियंत्रणाचाही भाग आहे, आणि तो एकदा झाकला की त्याचे काम करणारे दुसरे काही उभारणे अतिशय महाग पडते.

आंबील ओढा हे याचे जवळचे उदाहरण आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, दत्तवाडी अशा भागांतून तो मुठेला मिळतो. पेशवाईतच त्याचा मूळ प्रवाह वळवला गेला होता. उन्हाळ्यात पुलावरून पाहिले तर तळाशी बारीक काळपट धार तेवढी दिसते, आणि दोन्ही काठांवर संरक्षक भिंतीला अगदी खेटून घरे आलेली दिसतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याला आलेल्या पुराने भिंती पाडल्या, मोटारी वाहून नेल्या आणि अनेकांचे जीव घेतले. ओढ्याची रुंदी रोजच्या धारेवरून ठरवायची नसते. ती अशा एखाद्या रात्रीवरून ठरवायची असते.

नदीकाठी याच विचाराने पूररेषा आखतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवतात. 'पंचवीस वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा पूर आला की चोवीस वर्षे निश्चिंत, असा नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता 4 टक्के असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो किमान एकदा येण्याची शक्यता काढली तर ती सुमारे 56 टक्के भरते. निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्याला हा आकडा कर्जाच्या कागदांबरोबरच कळायला हवा.

दुसरे गणित गुंठ्यांचे आहे. दहा गुंठे म्हणजे जवळपास एक हजार चौरस मीटर. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला आपण सारे एफएसआय म्हणतो, तो 1 असेल तर तिथे 80 चौरस मीटरच्या बारा सदनिका बसतात. घरटी चार माणसे आणि माणशी रोज 135 लिटर पाणी धरले तर इमारतीला 6,480 लिटर लागतात. निर्देशांक अडीच झाला की सदनिका 31 होतात, पाणी 16,740 लिटर लागते आणि त्यातले साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत जाते. भूखंड तोच, गल्ली तीच आणि गल्लीखालची ड्रेनेजची लाइनही तीच. 2020 पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका जास्त एफएसआय मिळतो, आणि हे सूत्र योग्यच आहे; फक्त रस्त्याची रुंदी डोळ्यांना दिसते आणि नळाचा व्यास दिसत नाही. इमारतीभोवती सोडायचे सामासिक अंतर उजेडासाठी, हवेसाठी आणि अग्निशमन दलाची गाडी आत यावी म्हणून असते.

वापर वेगवेगळे करण्याचाही अतिरेक होतो. पेठेत खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि शेजारच्या आळीत कारागीर अशी रचना होती आणि माणसे कामाला चालत जात. हिंजवडीचे आयटी पार्क औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात, महापालिकेच्या हद्दीबाहेर झाले. तिथे काम करणारी असंख्य माणसे हद्दीच्या आत राहतात. रोजचे दोन-दोन तास रस्त्यावर जातात, ते नोकरी आणि घर यांचा विचार एकाच नकाशावर न झाल्यामुळे.

आराखड्याचा खरा शत्रू उशीर आहे. खेळाचे मैदान, शाळा, दवाखाना यांसाठी खाजगी जमिनीवर आरक्षण टाकले जाते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक 1966 च्या त्याच अधिनियमाच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि पुढील चोवीस महिन्यांतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाला कायमचे अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे, त्यामुळे ही तरतूद हवीच. पण तिच्यामुळे प्रत्येक वर्षाच्या दिरंगाईची किंमत मैदानाने मोजावी लागते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 या काळासाठीचा आराखडा हजारो हरकती-सूचनांनंतर जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्याची जवळपास अर्धी मुदत संपली होती.

त्या आराखड्याची मुदत आता संपत आली आहे. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की बहुतेक जण भाग नकाशावर आधी आपल्या भूखंडाचा रंग शोधतील, आणि ते स्वाभाविक आहे. मी मात्र सर्वप्रथम आंबील ओढ्यावर पट्टी ठेवून त्याची रुंदी किती मीटर दाखवली आहे ते मोजणार आहे, आणि ती कमी भरली तर माझी पहिली हरकत तीच असेल.