लदीन

लदीन : गोव्यातील कॅथलिक ख्रिस्ती समाजाची सामूहिक सायंप्रार्थना. पोर्तुगीज ‘लादायन्या’ या शब्दाचे हे कोंकणी रूप. मुळात ही येशूची आई मारिया हिची नामावळी. पुढे बसलेल्याने ‘प्रभाततारा’, ‘गूढ गुलाब’, ‘हस्तिदंती मनोरा’ अशी एकेक उपाधी लॅटिनमध्ये गायची आणि जमलेल्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे ‘आमच्यासाठी विनंती कर’, हे पालुपद धरायचे. लोरेतो या इटालियन तीर्थक्षेत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नामावळीला पोप पाचवे सिक्स्तुस यांनी 1587 मध्ये मान्यता दिली.

मिसा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, पाद्रीशिवाय होत नाही, लदिनीला मात्र पाद्री लागत नाही. त्यामुळे ती चर्चच्या आवाराबाहेर पडली आणि वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या वस्तीवरच्या, खुरसापाशी (क्रुसापाशी), कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, घरच्या देव्हाऱ्यासमोर रुजली. गोव्यातील चर्चचे प्रार्थनाजीवन समजून घ्यायचे तर रविवारच्या मिसेइतकेच या वाड्यावरच्या संध्याकाळीकडे पाहावे लागते. मोठ्या घरांत लदिनीआधी तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हटली जाते. प्रार्थना संपली की मुले थोरांपुढे जाऊन ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात.

खुरसाची लदीन असेल त्या दिवशी दुपारपासूनच लगबग असते. चुना लावून खुरीस पांढराशुभ्र केला जातो, त्याला झेंडूच्या माळा चढतात, पायरीवर मेण सांडून त्यातच मेणबत्त्या उभ्या केल्या जातात. व्हायोलिनवाला तारा जुळवतो, तोवर बायका पुढे आणि पुरुष मागे, जमल्यास रस्त्याच्या कडेपर्यंत. गायन दोन स्वरांत चालते. लॅटिनचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो, पण कोणता स्वर कुठे लांबवायचा हे आठ वर्षांच्या पोरालाही कळते. शेवटी उकडलेले चणे वाटतात, मोठ्यांसाठी फेणीचा घोट. चणे नसलेली लदीन अपुरीच, असे गंमतीने म्हणता येईल.

हे स्वर शिकवले ते चर्चला जोडलेल्या शाळांनी. तिथला मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवी. गोव्यातून पुढे इतके वादक निघाले त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

सायबीण हा याच प्रथेचा फिरता अवतार. मारियेची मूर्ती वाड्यावर घरोघर जाते. ज्या घरी मुक्काम, तिथे संध्याकाळी लदीन. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्यांच्या मिरवणुकीने ती शेजाऱ्याकडे. ज्यांचे वर्षभर बोलणे नसते त्यांनाही मूर्ती हातात घ्यायला एकमेकांच्या उंबऱ्यावर जावेच लागते. चतुर्थीला घुमट-शामेळ या वाद्यांच्या तालावर घरोघर मराठी आरत्या म्हणत फिरणाऱ्या हिंदू शेजाऱ्यांना ही रीत परकी वाटत नाही.

भाषेचा प्रवास मात्र उलटसुलट झाला. 1579 मध्ये गोव्यात आलेले जेझुइट संघाचे पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले आणि चर्चमधून वाचलेही जाई. ते वाचन थांबले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिसा कोंकणीत आली, तरी लदीन कित्येक वाड्यांवर लॅटिनमध्येच राहिली.

2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नामावळीत तीन उपाध्या वाढवल्या. त्यांतली एक ‘स्थलांतरितांचा दिलासा’. जहाजावर, आफ्रिकेत, आखातात पोट भरायला गेलेल्या गोंयकारांना ती फारशी समजावून सांगावी लागणार नाही. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावागावांच्या नावाने चालणाऱ्या कुडी, म्हणजे गोंयकारांची सामायिक वसतिगृहे, होत्या. जहाजाची वाट पाहणारे खलाशी तिथे आपापली पेटी ठेवून राहत, आणि रोज संध्याकाळी वेदीसमोर तेर्साला हजर राहणे त्यांना सक्तीचे असे.