एनएसएस दिल्लीतून आली, पण साताऱ्यात घमेली आधीपासूनच होती

कॉलेजात एनएसएसचा (म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा) बॅज शर्टाला लावला की लय भारी वाटायचं, पण त्यावरचं चाक कशाचं असं कुणी विचारलं असतं तर आमच्या युनिटातल्या निम्म्या पोरांची दांडी गुल झाली असती, माझी पण. ते कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे, आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास कधीही हाक मारा आम्ही हजर. (सकाळच्या प्रभातफेरीला किती जण हजर असायचे ते सोडा.)

कागदावरची सुरुवात २४ सप्टेंबर १९६९ ची. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजना चालू केली, पोरंपोरी मिळून ४० हजार. पण त्याआधी वीस वर्षं हे घोंगडं भिजतच पडलेलं. स्वातंत्र्यानंतर लगेच विद्यापीठ शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगानं सांगितलं की विद्यार्थ्यांनी स्वखुशीनं समाजसेवा करावी. मग नेहरूंच्या मनात आलं की डिग्रीच्या आधी हे सक्तीचंच करावं, १९५८ ला त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली, १९५९ ला आपले माजी अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांची समिती नेमली, तिनं तर थेट नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा करा नि मगच कॉलेजात या असं सुचवलं. एवढ्या पोरांचा वर्षभराचा खर्च कोण करणार? तिथंच गाडी अडली. पुढं शिक्षणावरचा कोठारी आयोग वगैरे होऊन सक्ती गेली नि ऐच्छिक योजना आली. माझ्या मते बरंच झालं, सक्तीचं श्रमदान म्हणजे वेठबिगारीच की.

आता साताऱ्याचं बघा. दिल्लीत ह्या समित्या बसायच्या कितीतरी आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग उघडलं, १९२७ ला गांधीजींच्या हातून त्याचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवायची, स्वयंपाक पण आपला आपणच करायचा, आणि काम करून शिकायचं. हे बोर्डिंग चालवताना कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्र सुद्धा. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तिथं पण 'कमवा आणि शिका' आलंच.

इथं एक घोळ कायम होतो. आमच्याकडं भाषणात कमवा-शिका आणि एनएसएस एकाच दमात घेतात, जसं काय सख्खे भाऊ. तसं नाहीये. कमवा-शिकातलं पोरगं स्वतःच्या शिक्षणासाठी राबतं, पदराला पैसे पडतात. एनएसएसचं ब्रीदच 'माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी', तिथं घाम गाळायचा तो दुसऱ्याच्या गावात. पण सातारा-सांगलीत एनएसएस पटकन रुजली त्याचं एक कारण मला वाटतं हेच, की कॉलेजच्या पोरानं पाटी-फावडं हातात घ्यायचं यात इथं कुणाला लाज वाटत नव्हती, ती कर्मवीरांनी आधीच मोडून ठेवलेली.

त्यात १९७२ चा दुष्काळ पडला. माण, खटाव, जत, आटपाडी, सगळं होरपळलं, माणसं खडी फोडायला गेली, सुकडी नि मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले. देशपातळीवर एनएसएसच्या शिबिरांची १९७३ ची थीम सुद्धा तीच होती, दुष्काळाविरुद्ध युवक.

पुढं सगळं नियमात बसलं, वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचा कॅम्प. आमच्यातले बरेच ग्रेसच्या मार्कांसाठीच आलेले, खोटं कशाला बोलू. आमचा कॅम्प माण तालुक्यातल्या एका गावात होता, बांध घालायचा होता. बहात्तरला खडी फोडलेल्या दोन म्हाताऱ्या रोज कडेला येऊन बसायच्या नि आमचं फावडं धरणं बघून पदर तोंडाला लावून हसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यातली एक उठली, माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि मुकाट माती ओढायला लागली.