ईश्वरसाक्ष की दृढकथन?

मंत्रिमंडळाच्या शपथविधीत ‘मी…’ नंतर स्वतःचं नाव येतं आणि त्याच्या पुढे रस्ता दुभागतो. कुणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ म्हणतं, कुणी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही पर्याय आहेत आणि दोहोंचं वजन सारखंच. आपल्याला ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यासाठी कुणी कोठडी भोगली असेल असं वाटतही नाही.

ब्रिटिश पार्लमेंटची शपथ मुळात गाळणीच होती. आधी तिने कॅथलिकांना अडवलं. त्यांच्यासाठी दार उघडलं 1829 मध्ये. मग ज्यूंची पाळी. लायनेल डी रॉथ्सचाइल्ड 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आले, पण शपथेत ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेला स्मरून’ अशा अर्थाचे शब्द होते. ते उच्चारायला त्यांनी नकार दिला, आणि प्रत्यक्ष बसायला 1858 साल उजाडलं.

उरले नास्तिक. नॉर्दम्प्टनचे मतदार 1880 मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांना निवडून देतात. हा जाहीरपणे देव न मानणारा माणूस. त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा, म्हणजे देवाचं नाव न घेता दृढकथन, करू द्या अशी मागणी केली, ती फेटाळली गेली. बरं, मग शपथ घेतो, म्हणाले. पण त्यातले धार्मिक शब्द आपल्या लेखी निरर्थक आहेत, हेही त्यांनी छापून सांगितलं होतं. झालं! सभागृह म्हणालं, आता शपथही घेऊ देणार नाही. मुकाट्याने चार ओळी पुटपुटल्या असत्या तर कुणी हटकलंही नसतं. खरं बोलले म्हणून अडकले, आणि या सगळ्या प्रकरणातली खरी गोम हीच आहे.

जून 1880 मध्ये त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र डांबलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांनी अक्षरशः ओढत बाहेर काढलं. फेब्रुवारी 1882 मध्ये तर ते सरळ टेबलापाशी गेले, खिशातून कागद आणि बायबलच्या नव्या कराराची प्रत काढली आणि स्वतःच स्वतःला शपथ दिली. तीही चालली नाही. जागा रिकामी ठरे, पोटनिवडणूक होई आणि नॉर्दम्प्टन पुन्हा त्यांनाच पाठवी. पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः कट्टर धार्मिक, तरी 1883 मध्ये प्रतिज्ञेच्या विधेयकासाठी जीव तोडून बोलले. विधेयक पडलं 3 मतांनी! अखेर 1886 मध्ये नव्या सभापतींनी कुणालाही मध्ये बोलू न देता ब्रॅडलॉंची शपथ होऊ दिली. दोन वर्षांनी त्यांच्याच पुढाकाराने कायदा झाला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला.

हे ब्रॅडलॉ आपल्याला परके नाहीत. पार्लमेंटात ते हिंदुस्थानची बाजू इतक्या वेळा मांडत की, ‘हिंदुस्थानचे खासदार’ असंच त्यांना म्हटलं जाई. डिसेंबर 1889 मध्ये, मोठ्या दुखण्यातून उठून, ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले. 1891 मध्ये त्यांच्या अंत्यविधीला लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकणारे मोहनदास गांधी हजर होते. पुढच्याच वर्षी दादाभाई नौरोजी निवडून आले आणि त्यांनी खोर्देह अवेस्तावर, म्हणजे पारशी प्रार्थनाग्रंथावर, शपथ घेतली. तोवर गाळणीची भोकं पुरेशी मोठी झाली होती.

आपल्या घटनेच्या मसुद्यात राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वराचा उल्लेख नव्हता. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेचे सदस्य ह. वि. कामत, महावीर त्यागी यांनी तो हवा असा आग्रह धरला, आणि चर्चेअंती दोन्ही पर्याय आले. याच कामतांनी पुढे उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी सूचना आणली, ती मात्र 41 विरुद्ध 68 मतांनी पडली.

पर्याय मात्र दोनच. केरळच्या एका आमदाराने 2001 मध्ये समाजसुधारक संत श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, तेव्हा उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. ‘ईश्वर’ म्हणा किंवा दृढकथन करा. तिसरं नाव घटनेत नाही.