डेंग्यू रक्तस्रावी ताप आणि प्रतिकारशक्ती

डेंग्यूत खरा धोका सुरू होतो तो बहुधा ताप उतरताना. चौथ्या ते सहाव्या दिवशी थर्मामीटरचा आकडा खाली येतो, घरच्यांना हायसे वाटते आणि नेमके तेव्हाच केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो; या गंभीर रूपालाच डेंग्यू रक्तस्रावी ताप म्हणतात. पोट दुखते, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तातला विषाणू तोवर ओसरत आलेला असतो, त्यामुळे या हानीत शरीराच्या प्रतिकाराचाच मोठा वाटा मानला जातो.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतरांपासून मात्र काही महिनेच. पुढे दुसरा प्रकार शरीरात शिरला, तर जुनी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशी प्रतिपिंडाला धरून विषाणूलाही आत ओढतात, आणि तो वाढतो याच पेशींत. मग सायटोकाइनांचा, म्हणजे पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांचा, लोंढा सुटून केशवाहिन्यांचे अस्तर सैल पडते. विषाणूचे एनएस१ हे प्रथिनही त्याला हातभार लावते.

१९६०च्या दशकात बँकॉकमध्ये अमेरिकी विषाणुतज्ज्ञ स्कॉट हॉलस्टेड यांना गंभीर आजार दोन गटांत दिसला: दुसऱ्यांदा लागण झालेली मुले आणि पहिल्याच लागणीत अत्यवस्थ होणारी तान्ही बाळे. बाळांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडे होती! क्युबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची सौम्य साथ आली. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराने १५८ बळी घेतले, त्यांत १०१ मुले. १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबात हाच दुसरा प्रकार परतला, तेव्हा गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ होते, म्हणजे पहिली साथ अनुभवलेले. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना दिलेल्या डेंगव्हॅक्सिया लसीबाबतही हेच आढळले: आधी डेंग्यू न झालेल्यांत लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढला.

सगळ्या रक्तस्रावी तापांत असे घडत नाही. इबोलाचा विषाणू व्हीपी३५ आणि व्हीपी२४ या प्रथिनांनी इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणाऱ्या प्रथिनांची, पहिली हाक दाबतो. त्यात लवकर प्रतिपिंडे तयार होणारे रुग्ण जास्त प्रमाणात वाचतात.

प्रतिकार दाबणारी स्टेरॉइडे डेंग्यूत उपयोगी ठरलेली नाहीत. आपल्याकडे सारे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते. गळती ओळखायला मात्र हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, वाढ पाहावी लागते. सलाइन मोजूनच द्यावे लागते, कारण एक-दोन दिवसांत गळती थांबून तेच पाणी रक्तात परतते आणि जादा झाले तर फुप्फुसांत साचते.